परक्या लेकींची माउली

मुंबईहून बुऱ्हाणपूरमार्गे जबलपूरकडे जाणारा लोहमार्ग ज्या तत्कालीन मध्य प्रांतातून जात असे, तेथे १८९६-९७ साली भीषण दुष्काळ पडला. पंडिता रमाबाई पुण्याहून तिकडे धावल्या. १८७४ च्या सुमारास त्यांचे आईवडील व बहीण उपासमारीतच गेली होती. लंडनमध्ये पतितांना आश्रय देणाऱ्या ख्रिस्ती भगिनींचे कार्य पाहून आणि परक्या शोमरोनी स्त्रीला जवळ करणाऱ्या येशूची कथा ऐकून त्यांचे मन वळले. १८८३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या धर्मांतरावर येथे शाई पुष्कळ खर्ची पडली, या दुष्काळकार्यावर मात्र थोडी! त्यांचे शारदा सदन मुख्यत्वे उच्चवर्णीय विधवांचे. आता शेकडो निराधार मुली व विधवा आल्या, त्या नाना जातींच्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध आड आले, तेव्हा रमाबाईंनी केडगावच्या आपल्या शेतातच त्यांना निवारा दिला.