क्रीडामहर्षी पालवणकर बाळू

हिंदी क्रिकेटच्या आरंभकाळात राजेरजवाड्यांच्या आश्रयाचा गौरव पुष्कळ झाला. श्रमिकांच्या घामाची नोंद मात्र त्रोटकच राहिली. ही उणीव ज्यांच्या चरित्राने तीव्रतेने जाणवते, ते पालवणकर बाळू होत.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाड येथे एका चर्मकार कुटुंबात झाला. वडील लष्कराच्या सेवेत असल्याने बालपण पुण्यात गेले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर बाळू व त्यांचे बंधू खेळ शिकले. पुढे युरोपियनांच्या पूना जिमखान्यात दरमहा चार रुपये वेतनावर ते रुजू झाले. खेळपट्टीवर रूळ फिरवणे, जाळी बांधणे आणि सभासदांना सरावासाठी चेंडू टाकणे, हे त्यांचे काम. फलंदाजीची संधी तेथे जवळजवळ नव्हतीच. परंतु अखंड परिश्रमाने त्यांची डावखुरी मंदगती गोलंदाजी असामान्य झाली. पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना घेतले खरे, तथापि चहा मात्र मैदानाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे.

मुंबईस आल्यावर बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत त्यांना नोकरी मिळाली आणि कंपनीच्या संघात स्थानही लाभले. १८९४ साली स्थापन झालेल्या हिंदू जिमखान्यात त्यांच्या प्रवेशास काही सभासदांचा विरोध होता. अखेर तो मागे पडला. कारखाने, रेल्वे व कचेऱ्या यांच्या संघांनी निर्धन खेळाडूस पोटापाण्याची शाश्वती दिली. जातिनिहाय जिमखान्यांनी कीर्ती दिली, पण बरोबरीचा मान देताना हात आखडला.

१९०६ साली हिंदू संघाने युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला. त्या विजयात बाळूंचा वाटा मोठा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात संघाची कामगिरी निराशाजनक ठरली, तरी बाळूंनी सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले. एवढे कर्तृत्व असूनही कर्णधारपदाच्या वेळी त्यांना सतत डावलले गेले. १९२० साली या अन्यायाच्या निषेधार्थ शिवराम व विठ्ठल हे बंधू संघातून बाहेर पडले. लोकमताच्या दडपणाने अंतिम सामन्यासाठी बाळूंना उपकर्णधार नेमण्यात आले. १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले आणि संघ विजयी झाला. थोरल्या भावाने पेरलेले धाकट्याच्या हाती आले.

तरुणपणी डॉ. आंबेडकरांना बाळूंविषयी नितांत आदर होता. पुढे मतभेद झाले. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसतर्फे बाळू त्यांच्याविरुद्ध उभे राहिले व ११,२२५ मते मिळवून पराभूत झाले, डॉ. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली. १९५५ च्या जुलैत बाळू निवर्तले.

मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू सर्व ज्ञातींचे खेळाडू निःसंकोच झेलत. त्याच हातचे पाणी मात्र अनेकांना वर्ज्य होते. ही विसंगती कोणत्याही भाषणाविना, केवळ आपल्या खेळाने बाळूंनी समाजापुढे उघडी केली. त्यांच्या चरित्राचे हेच चिरंतन मोल होय.