वेगाचा आघात झेलणारा डॉक्टर

वाशिम जिल्ह्यातील कारंजा, मंगरूळपीर व मालेगाव या तालुक्यांतून समृद्धी महामार्ग जातो. त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटर वेगाने धावण्याची मुभा आहे. एवढ्या वेगातील मोटार एकाएकी आदळली, तर मोटार थांबते. पण आतील माणूस त्याच वेगाने पुढे जात राहतो. त्याला आसनाशी धरून ठेवतो तो एक अरुंद पट्टा. हा पट्टा किती ओढ सोसेल, हे तो यंत्रावर ताणून पाहता येते. परंतु त्या पट्ट्याने आवळलेला मनुष्य किती ओढ सोसेल, हे कोणते यंत्र सांगणार? या प्रश्नाचे उत्तर एका डॉक्टरांनी स्वतःच्या देहावर शोधले. त्यांचे नाव जॉन पॉल स्टॅप.

स्टॅप यांचा जन्म ११ जुलै १९१० रोजी ब्राझील देशातील बाहिया येथे झाला. त्यांचे वडील अमेरिकन ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. १९२८ च्या नाताळात नात्यातील एक तान्हे मूल भाजले. तरुण जॉनने अहोरात्र त्याची शुश्रूषा केली. तरी ते वाचले नाही. आपण डॉक्टर व्हायचे, असा निश्चय त्याने त्याच वेळी केला. घरची स्थिती बेताची असल्यामुळे मध्ये शिक्षकाची नोकरी करावी लागली. अखेर १९४४ साली त्यांना वैद्यकीय पदवी मिळाली व ते अमेरिकेच्या सैन्यात वैमानिकांचे डॉक्टर झाले.

त्या काळी विमाने अधिकाधिक वेगवान होत होती आणि अपघातात वैमानिक दगावत होते. शरीरावर त्याच्या वजनाच्या १८ पट भार आला की मनुष्य मरणारच, अशी शास्त्रज्ञांची समजूत होती. मग आसने व पट्टे त्याहून बळकट करून काय उपयोग? ही समजूत खरी की खोटी, हे पाहण्याचे काम स्टॅप यांच्याकडे आले. १९४७ साली कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात रुळांवर अग्निबाणाच्या जोरावर धावणारी एक गाडी तयार करण्यात आली. ती भरधाव सोडायची आणि क्षणात थांबवायची, अशी योजना होती.

प्रथम त्या गाडीत माणूस बसला नाही; माणसाएवढा, सुमारे ८४ किलो वजनाचा एक पुतळा बसला. सर्वांनी त्याचे नाव ऑस्कर ठेवले होते. एकदा त्याचे पट्टे तुटले. गाडी थांबली, पण ऑस्कर समोरची जाड लाकडी फळी फोडून दोनशे मीटरहून अधिक दूर जाऊन पडला. या पुतळ्यामुळे पट्टे कोठे कच्चे आहेत, ते समजले. परंतु बिचाऱ्या ऑस्करला ना वेदना होत, ना त्याचे रक्त डोळ्यांत उतरे. बरगडी केव्हा मोडते, शुद्ध केव्हा हरपते, हे तो सांगू शकत नव्हता.

म्हणून डिसेंबर १९४७ मध्ये स्टॅप स्वतःच त्या आसनावर बसले.  प्रारंभी वेग कमी होता. मग तो हळूहळू वाढविण्यात आला. काही महिन्यांतच त्यांनी वजनाच्या ३५ पट भार सोसून दाखविला आणि १८ पटींची जुनी समजूत निकालात निघाली. त्याची किंमत त्यांनी मोजली. बरगड्या मोडल्या, मनगट दोनदा मोडले, दातांत भरलेले सिमेंट निखळून पडले. प्रत्येक फेरीनंतर ते आपल्याच शरीरात काय घडले, याची बारकाईने नोंद करीत.

त्यांची अखेरची फेरी १० डिसेंबर १९५४ रोजी न्यू मेक्सिको राज्यात झाली. पाच सेकंदांत गाडीने ताशी १०१७ किलोमीटर वेग गाठला आणि अवघ्या १.४ सेकंदात ती थांबली. त्या वेळी स्टॅप यांच्या देहावर वजनाच्या ४६ पट भार आला. गाडी थांबली तेव्हा त्यांना काही दिसेना; डोळे रक्ताने भरून गेले होते. दृष्टी कायमची गेली असे वाटले. सुदैवाने थोड्याच वेळात त्यांना अंधुक दिसू लागले व दुसऱ्या दिवसापर्यंत दृष्टी बरीचशी परतली.

यानंतर त्यांचे लक्ष रस्त्याकडे वळले. विमान अपघातांपेक्षा मोटार अपघातांत अधिक सैनिक मरतात, असे त्यांच्या ध्यानी आले होते. १९५५ साली त्यांनी अभियंत्यांना व डॉक्टरांना एकत्र बोलावून मोटारींच्या धडकांविषयी परिषद भरविली. मोटारींत पट्टे असावेत म्हणून ते वर्षानुवर्षे आग्रह धरीत राहिले. १९६६ साली अमेरिकेत वाहन सुरक्षेचा कायदा झाला, त्या प्रसंगी ते उपस्थित होते.

ऑस्करची पुढची पिढी मात्र मुकी राहिली नाही. जिवंत माणसांवरील नोंदींच्या व मरणोत्तर दान केलेल्या देहांच्या अभ्यासावरून माणसाची मान किती वाकते, छाती किती दबते, हे अभियंत्यांना कळले. तशाच माना व छात्या पुतळ्यांना बसविण्यात आल्या. १९७६ साली तयार झालेल्या अशा एका प्रसिद्ध पुतळ्याच्या डोक्यात, छातीत व मांडीत आघात मोजणारी उपकरणे असतात. पुढे लहान चणीच्या स्त्रीचे व मुलांचे पुतळेही झाले. कारण जो पट्टा धिप्पाड पुरुषाला तारतो, तो बालकाला नीट बसेलच असे नाही. आता तर हाडे, स्नायू व आतड्यांसह संपूर्ण मानवदेहाची प्रतिकृती संगणकात उभी करून तिच्यावर धडकेचा परिणाम पाहतात. आपल्या देशात १ ऑक्टोबर २०२३ पासून मोटारींना सुरक्षेचे तारे देण्याची पद्धत सुरू झाली. त्यातील एका चाचणीत पुतळे बसविलेली मोटार ताशी ६४ किलोमीटर वेगाने समोरच्या अडथळ्यावर आदळवितात.

स्टॅप १३ नोव्हेंबर १९९९ रोजी वयाच्या ८९ व्या वर्षी न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो गावी मरण पावले. अखेरच्या फेरीची जागा तेथून जवळच आहे. ज्या गाडीने त्यांचे डोळे घेतलेच होते, ती त्याच गावच्या संग्रहालयात ठेवलेली आहे.