उद्योगमहर्षी लक्ष्मणराव किर्लोस्कर : रंग हुकले, रेषा सापडल्या



आपल्या वऱ्हाडात किर्लोस्कर म्हटलं की विहिरीवरचं इंजिन डोळ्यासमोर येतं. वरूड-मोर्शीकडे संत्र्याची बाग असणाऱ्या कुणालाही विचारा. पण या नावामागचे लक्ष्मणराव आधी चित्रकार व्हायला निघाले होते, आणि पुढे काही वर्षं ते आपल्यासारखेच शिक्षक होते, हे फार थोड्या मुलांना माहीत असतं. वर्गात सांगता येईल अशा पद्धतीने त्यांचं चरित्र आज पाहू.

बालपण आणि शिक्षण

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर या गावी झाला. वडील वेदान्ताचे अभ्यासक. मुलाचं मन मात्र पुस्तकात रमेना. त्याला ओढ चित्रांची आणि यंत्रांची. वडिलांच्या मनाविरुद्ध 1885 मध्ये ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. थोरले बंधू रामुअण्णा पाठीशी उभे राहिले.

दोन वर्षांत एक गोष्ट लक्षात आली. त्यांना काही रंगांतला फरक नीट कळत नव्हता. म्हणजे अंशतः रंगांधळेपणा. चित्रकाराच्या दृष्टीने हा रस्ताच बंद! पण हात रेषेला पक्का होता. त्यांनी रंग सोडले आणि यंत्रांची रेखाटनं शिकायला सुरुवात केली. त्याच जोरावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले. शिकवता शिकवता यंत्रं उघडून बघणं, ती पुन्हा जोडणं हे त्यांचं खरं शिक्षण ठरलं.

सायकलचं दुकान

त्या काळी सायकल ही नवलाईची वस्तू होती. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे आणि रामुअण्णा बेळगावात त्या विकायचे, लोकांना चालवायलाही शिकवायचे. पुढे नोकरीत बढतीची वेळ आली, तेव्हा ती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला मिळाली. घरी बायको, संसार, आणि हातात पगाराची नोकरी. तरी त्यांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं.

लोखंडी नांगर

सायकली विकून पोट भरलं असतं. पण लक्ष्मणरावांना दुसऱ्याने बनवलेली वस्तू विकण्यापेक्षा आपण काही बनवावं असं वाटे. आधी कडब्याची कुट्टी करायचं यंत्र झालं. मग 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर. काळ्या जमिनीत लाकडी नांगर खोल जात नाही, हे आपल्या भागातल्या लोकांना वेगळं सांगायला नको. जमीन भारी म्हणून तर आपल्याकडे वखरावरच जास्त भागवत.

तरीही नांगर खपेना! लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिले नांगर विकायला तब्बल दोन वर्षं लागली. विचार करा, दोन वर्षं माल पडून आणि भांडवल अडकलेलं. पण शेतकऱ्याला अडाणी म्हणून ते मोकळे झाले नाहीत. नांगर चालून दिसला तसा विश्वास बसत गेला.

किर्लोस्करवाडी

एवढ्यात नवं संकट आलं. बेळगावच्या नगरपालिकेला वस्ती वाढवायची होती, म्हणून कारखान्याची जागा सोडावी लागली. तेव्हा औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. कुंडल रोड स्टेशनजवळ, आजच्या सांगली जिल्ह्यात, त्यांनी जागा दिली. जागा कसली? निवडुंग, दगड आणि सापांचा माळ. 1910 मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. नांगराबरोबर उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडायची यंत्रं, पुढे पाण्याचे पंप तयार होऊ लागले.

वसाहतीत लक्ष्मणरावांनी अस्पृश्यता पाळू दिली नाही. तुरुंगवास भोगून आलेल्यांना तर त्यांनी चक्क रात्रीच्या पहाऱ्यावर ठेवलं. ज्याच्यावर कुणी भरवसा ठेवत नाही, त्याच्या हाती त्यांनी कारखान्याची राखण दिली. 26 सप्टेंबर 1956 रोजी त्यांचं निधन झालं. जन्मशताब्दीला, 1969 मध्ये, भारत सरकारने त्यांच्या नावे टपाल तिकीट काढलं.

वर्गात काय करता येईल?

हे चरित्र फक्त भाषणापुरतं ठेवू नका. मुलांना एखादी जुनी सायकल दाखवा. पायडल, चेन, चाक यांचं चित्र रंग न देता फक्त रेषांनी काढायला सांगा. गणितात मागे असलेला एखादा पोरगा चेन बरोबर जागी दाखवील, तेव्हा त्याच्याकडे नीट बघा. आणि पालकहो, त्या दिवशी घरी आल्यावर त्याला मार्क विचारायच्या आधी ते चित्र बघायला मागा.

लक्ष्मणरावांना रंग दिसत नव्हते हे कळलं, तेव्हा त्यांचा हात रेषेला चांगला आहे हेही कुणाला तरी दिसायला हवंच होतं. आपल्या वर्गातल्या लेकरांच्या बाबतीत ते बघायचं काम आपलं आहे.