खाँसाहेबांचा गंधार

आमच्या शाळेतल्या काही मुली दरवर्षी संगीताच्या परीक्षेला बसतात. परीक्षा जवळ आली की मधल्या सुट्टीत वऱ्हांड्यात पाठांतर सुरू होतं. नाद म्हणजे काय, श्रुती किती, अचल स्वर कोणते, औडव जाती कशाला म्हणतात. सातवीतली एक मुलगी हे सगळं न अडखळता म्हणून दाखवायची. एकदा तिने आम्हालाच विचारलं, की सर, बावीस श्रुती कुणी मोजल्या आणि कशा? आम्ही उर्दू-मराठी शिकवणारी माणसं, गळ्यात सूर नाही. त्या दिवशी उत्तर देता आलं नाही. नंतर वाचत, ऐकत गेलो तेव्हा एका माणसापाशी येऊन थांबलो. ते म्हणजे उस्ताद अब्दुल करीम खाँ. जन्म उत्तरेतला, पण आयुष्य आपल्या महाराष्ट्रात गेलं आणि कबरही इथेच, मिरजेत आहे.

खाँसाहेबांचा जन्म 1872 साली कैराना या गावी झाला. हे गाव आज उत्तर प्रदेशातल्या शामली जिल्ह्यात येतं. गावाचं जुनं नाव किराना, म्हणून घराणं किराणा. आता घराणं म्हणजे नुसतं खानदान नव्हे. गाणं कसं मांडायचं, आवाज कसा लावायचा, कशाला जास्त मान द्यायचा याची एक ठरलेली रीत म्हणजे घराणं. कुणी लयीला मान देतं, कुणी बंदिशीला. किराण्याने मान दिला सुराला. वडील काले खाँ आणि चुलते अब्दुल्ला खाँ यांच्याकडे अब्दुल करीम यांची तालीम झाली. घरात बीन आणि सारंगी होती. ही दोन्ही वाद्यं अशी, की त्यांवर एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर घसरत जाता येतं. वाटेत जे बारीक सूर लागतात तेही ऐकू येतात. आमच्या मते त्यांच्या गायकीची मुळं इथेच आहेत.

तरुणपणी ते बडोद्याच्या दरबारात गायला लागले. तिथे सरदार माने यांची मुलगी ताराबाई त्यांच्याकडे गाणं शिकू लागली. दोघांनी लग्न करायचं ठरवलं, आणि त्यापायी दोघांना बडोदा सोडावं लागलं. मग मुंबई, मिरज, पुणे असा संसार फिरत राहिला.

मिरजेशी त्यांचं नातं जुळलं त्याची एक हकिकत सांगतात. प्लेगच्या दिवसांत ते मिरजेत आजारी पडले. ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्यावर, म्हणजे आपण ज्याला मीरासाहेबांचा दर्गा म्हणतो तिथे, त्यांनी हाजिरी दिली, गायले आणि बरे झाले. त्यानंतर उरुसात गाण्याची हाजिरी त्यांनी चुकवली नाही.

मिरजेत आणखी एक गोष्ट होती, तंबोरा. तिथली शिकलगार मंडळी पूर्वी हत्यारांना धार लावायची. तलवारींचे दिवस सरले तसे हेच कसबी हात तंतुवाद्यांकडे वळले. खाँसाहेबांना स्वतःला वाद्यं दुरुस्त करता येत. घोडीवरची जवारी, म्हणजे जिच्यावरून तार जाते ती हलकी गोलाई, नीट घासली आणि तारेखाली दोरा बरोबर जागी सरकवला, की तार नुसती वाजत नाही, गुंजते.

श्रुतीचा प्रश्न इथूनच सुटायला लागतो. तंबोऱ्याला चार तारा. बहुधा पहिली पंचमाची, मधल्या दोन षड्जाच्या, शेवटची खर्जाच्या षड्जाची. षड्ज म्हणजे सा. गंधाराची तार कुठेच नाही. तरी तंबोरा चांगला लागला असेल आणि खर्जाची तार छेडून कान दिला, तर थोड्या वेळाने तिच्यातून ग ऐकू येतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तार पूर्ण लांबीत हलते तशी तिच्या अर्ध्यात, तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या भागातही हलत असते. पाचव्या भागातलं ते हलणं म्हणजे हा गंधार.

मुलींना आम्ही हे आकड्यांत करून दाखवलं, कारण गणिताला त्या घाबरत नाहीत. समजा सा ची कंपनं सेकंदाला 240 आहेत. वरचा सा त्याच्या दुप्पट, 480. या दोघांमधलं अंतर म्हणजे सप्तक. प हा सा च्या दीडपट, 360. आणि तंबोऱ्यातून येणारा शुद्ध ग सव्वापट, म्हणजे 300. आता हार्मोनियम घ्या. तिच्यात सप्तकाचे बारा सारखे तुकडे पाडलेले असतात, त्यामुळे तिचा ग सुमारे 302.4 वर जातो. फरक अडीच कंपनांचाही नाही. पण ज्याचा कान तंबोऱ्यावर तयार झाला, त्याला तो खड्यासारखा बोचतो. प मात्र जवळपास जुळतो. म्हणून हार्मोनियमवर गाणाऱ्याला पंचम सापडतो आणि गंधार निसटतो.

पुस्तकात सात शुद्ध स्वर, चार कोमल, एक तीव्र असे बारा लिहिलेले असतात. सा आणि प अचल, म्हणजे त्यांना कोमल-तीव्र नाही. पण गाताना एकाच नावाचा स्वर वेगवेगळ्या रागांत किंचित वर किंवा खाली लागतो. ही जी कानाला ओळखता येणारी बारीक जागा, ती श्रुती. जुन्या ग्रंथांनी सप्तकात बावीस श्रुती सांगितल्या: सा, म, प यांना चार-चार, रे आणि ध यांना तीन-तीन, ग आणि नी यांना दोन-दोन.

गेल्या शतकाच्या सुरुवातीला सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांना या बावीस श्रुती मोजून दाखवण्याचा ध्यास लागला. त्यांच्यासोबत क्लेमेंट्स नावाचे इंग्रज न्यायाधीश होते. मोजायचं तर असा गळा हवा, जो तोच स्वर पुन्हा पुन्हा अगदी त्याच जागी लावेल. तो गळा अब्दुल करीम खाँचा होता. देवलांचं पुस्तक 1910 मध्ये निघालं. पुढे श्रुती दाखवणारी खास हार्मोनियमही तयार झाली. पंडित भातखंडे यांच्यासारख्या विद्वानांना ही मोजणी मान्य नव्हती, आणि बावीस या आकड्यावरचा वाद आजही मिटलेला नाही. म्हणून परीक्षेत बावीस लिहा, पण हा आकडा वादातला आहे एवढं लक्षात ठेवा. आम्हाला विशेष वाटतं ते वेगळंच. त्या काळात घराण्याची विद्या उस्ताद लोक मुठीत धरून ठेवायचे. मोजमापाचे यंत्र समोर ठेवून गायला बसणारा खानदानी गवई किती मोकळ्या मनाचा असेल.

तोच मोकळेपणा त्यांनी शाळेत आणला. 1913 साली पुण्यात त्यांनी आर्य संगीत विद्यालय काढलं. शिकणारे बहुतेक हिंदू घरांतले, गुरू नमाजी मुसलमान. त्यांचे शिष्य बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी यांनी पुढे त्यांचं चरित्र मराठीत लिहिलं. दुसरे शिष्य कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजेच सवाई गंधर्व. पुण्याच्या ज्या महोत्सवाला हजारो माणसं थंडीत बसतात, तो यांच्याच नावाचा. टिपू मियाँ नावाच्या कुत्र्यालाही खाँसाहेबांनी सुरात ओरडायला शिकवलं होतं असं सांगतात. वर्गात ही गोष्ट सांगितली की बाकीचं सगळं मुलं विसरतात!

म्हैसूरच्या दरबारात जाणं-येणं सुरू झालं आणि दक्षिणेचं संगीत त्यांच्या कानावर पडलं. उत्तरेच्या गवयांनी तिकडे फारसं लक्ष दिलेलं नव्हतं. खाँसाहेब मात्र शिकायला बसले. ख्यालात सरगम घेणं, म्हणजे शब्दांऐवजी स्वरांची नावंच रागात गुंफत जाणं, ही गोष्ट त्यांनी दक्षिणेकडून उचलून आपलीशी केली. त्यागराजांची कृती त्यांनी रेकॉर्डवर गायली. अभोगी हा दक्षिणेचा रागही ते गात. अभोगीत प नाही, नी नाही. सा, रे, कोमल ग, म, ध एवढेच पाच स्वर. पाच स्वरांचा राग औडव, सहांचा षाडव, सातांचा संपूर्ण. ती व्याख्या पाठ करण्यापेक्षा अभोगी एकदा ऐकावा. प आला नाही याची चुटपुट कानाला लागते, आणि औडव कशाला म्हणतात ते समजतं.

घरात मात्र सूर राहिला नाही. ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. का, यावर लोकांनी पुष्कळ लिहिलंय. आम्ही त्यात पडत नाही. पाचही मुलं गाणारी निघाली. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर आणि सरस्वती राणे ही नावं मराठी घरांना सांगायला नकोत. पण एकाही नावात खाँ नाही. हिराबाईंची रेकॉर्ड ऐकणाऱ्या आपल्या किती घरांना ठाऊक असतं, की ही अब्दुल करीम खाँची मुलगी? आवाज ऐकला की कळतं. तोच ठहराव, स्वरावर तसंच हळूच टेकणं.

शेवटच्या काही वर्षांत ओडियन कंपनीने त्यांच्या रेकॉर्ड काढल्या. तीन-साडेतीन मिनिटांत राग मांडायचा, म्हणजे आलापाला जागाच नाही. आलाप म्हणजे घाई न करता एकेक स्वर खुला करत जाणं, तेच त्यांचं बळ. तरीही झिंझोटीतली त्यांची ठुमरी गदगच्या एका शाळकरी मुलाने ऐकली आणि गुरू शोधायला घर सोडलं. तो मुलगा भीमसेन जोशी. मानापमान नाटकातलं पदही खाँसाहेबांनी गायलंय. मराठी उच्चार थोडे वेगळे लागतात, पण कान काही तक्रार करत नाही.

ऑक्टोबर 1937 मध्ये ते मद्रासेत गायले आणि पाँडिचेरीला निघाले. गाडीत छातीत दुखू लागलं. सिंगपेरुमाळ कोइल नावाच्या लहानशा स्टेशनवर ते शिष्यांसोबत उतरले. रात्र होती. फलाटावर बिछाना घातला, नमाज अदा केली, तंबोरा लावायला सांगितला आणि दरबारी रागात कलमा पढत असताना त्यांचा इंतकाल झाला. ती तारीख 27 ऑक्टोबर.

मय्यत मिरजेला आणली गेली. मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन केलं. उरुसाच्या वेळी तिथे आजही देशभरचे कलावंत येऊन बसतात, गातात, बिदागीची बोलणी न करता. आम्ही त्या मुलींना घेऊन गेलो तेव्हा उरूस नव्हता. दर्ग्यात हाजिरी देऊन वाद्यं करणाऱ्यांच्या गल्लीत शिरलो. एका दुकानात कारागीर नव्या तंबोऱ्याची जवारी काढत बसले होते. त्यांनी दोरा सरकवला आणि खर्जाची तार छेडली. ज्या मुलीने प्रश्न विचारला होता, ती भोपळ्याला कान लावून बराच वेळ बसली. मग मान वर करून तिने हळूच ग म्हटला.