ॲम्स्टरडॅमचे कर्णधार : जयपालसिंग

यंदाच्या क्रीडासप्ताहात आम्ही विद्यार्थ्यांस एक प्रश्न घातला होता. १९२८ साली ॲम्स्टरडॅम येथे हॉकीचे सुवर्णपदक जिंकणाऱ्या हिंदुस्थानच्या संघाचा कर्णधार कोण? बहुतेक सर्व उत्तरपत्रिकांत मेजर ध्यानचंद यांचे नाव आले. ध्यानचंद त्या संघात होते आणि त्यांचा खेळ अद्वितीय होता हे खरे. परंतु कर्णधारपद त्यांच्याकडे नव्हते. ते होते जयपालसिंग मुंडा यांच्याकडे. कोलशेतहून जी येऊरची डोंगररांग दिसते, तिच्या पाड्यांवर आपले वारली बांधव राहतात. जयपालसिंगही अशाच एका आदिवासी जमातीत, मुंडा कुळात, जन्मले होते. या थोर पुरुषाची ओळख आमच्या बालवाचकांस असू नये याची खंत वाटली, म्हणूनच हा अल्प चरित्रलेख.

रांचीच्या दक्षिणेस खुंटीजवळ टकरा नावाचे खेडे आहे. तेथे ३ जानेवारी १९०३ रोजी त्यांचा जन्म झाला. लहानपणी त्यांनी गुरे राखली. पुढे रांचीच्या सेंट पॉल या मिशनच्या शाळेत त्यांचे नाव घातले गेले. मुलगा अभ्यासात तल्लख आणि मैदानावर चपळ. तो मुख्याध्यापक कॅनन कॉसग्रेव्ह यांच्या नजरेत भरला. त्यांनी त्यास आपल्याबरोबर विलायतेस नेले. पुढे धर्मोपदेशक व्हावे या हेतूने कँटरबरीच्या सेंट ऑगस्टिन कॉलेजात त्यांची सोय झाली खरी, परंतु त्यांची वाट निराळी होती. तेथून ते ऑक्सफर्डच्या सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाले, अर्थशास्त्राची पदवी त्यांनी मिळविली आणि विद्यापीठाच्या संघातून हॉकी खेळून 'ब्लू' हा मान संपादन केला. ते फुलबॅकच्या जागी खेळत. ही जागा टाळ्यांची नव्हे. गोल चढविणाऱ्याचा जयजयकार होतो, गोल अडविणारा बहुधा विस्मरणात जातो.

इकडे आय. सी. एस. साठीही त्यांची निवड झाली. आजच्या मुलांस या तीन अक्षरांचे वजन कळणे कठीण. जिल्ह्याची सारी सत्ता हाती, तहहयात मानमरातब आणि निवृत्तीनंतर पेन्शन, असे ते पद. गुरे राखणारा मुलगा तेथवर पोचला, आणि त्याच सुमारास हॉकी संघाचे नेतृत्व स्वीकारण्याविषयी त्यास निरोप आला.

संघातील बाकीचे खेळाडू १० मार्च १९२८ रोजी मुंबईहून 'कैसर-ई-हिंद' आगबोटीने निघाले. निघण्यापूर्वी मुंबईच्या संघाशी त्यांचा सामना झाला, त्यात मुंबईकरांनी त्यांना ३-२ असे हरविले! त्यामुळे की काय, निरोप देण्यास धक्क्यावर अवघे तिघे जण होते. पैशाचीही ओढाताणच होती. दोन खेळाडू मागे ठेवावे लागणार, असाही प्रसंग आला होता. ऐनवेळी बंगालकडून मदत आली म्हणून तो टळला. जयपालसिंग त्यांना इंग्लंडात येऊन मिळाले.

स्पर्धेसाठी रजा मिळावी म्हणून त्यांनी लंडनच्या इंडिया ऑफिसकडे अर्ज केला. तो नामंजूर झाला. आय. सी. एस. ची उमेदवारी पुरी झाली नसल्याने कचेरीचा नियम आड आला. जयपालसिंग रजेवाचूनच ॲम्स्टरडॅमला गेले. परिणाम काय होतील हे त्यांस ठाऊक नव्हते असे मुळीच नाही.

स्पर्धेत नऊ राष्ट्रांचे संघ उतरले होते. इंग्लंडचा नव्हता, आपल्या अमलाखालील देशाकडून हार खाण्याची नामुष्की त्यांस नको होती, असा पुष्कळांचा समज आहे. नऊ संघांचे दोन गट केले होते आणि प्रत्येक गटातील अव्वल संघ अंतिम सामन्यास जावयाचा होता. १७ मे रोजी आपण ऑस्ट्रियास ६-० असे हरविले, दुसऱ्याच दिवशी बेल्जियमला ९-०, मग डेन्मार्कला ५-० आणि स्वित्झर्लंडला ६-०. गोलरक्षक होते रिचर्ड ॲलन. त्यांचा जन्म आपल्या नागपूरचा, हे येथे मुद्दाम सांगावेसे वाटते. संपूर्ण स्पर्धेत आपल्यावर एकही गोल झाला नाही; आपण केले २९, पैकी १४ ध्यानचंदांचे.

परंतु २६ मे रोजी यजमान हॉलंडशी अंतिम सामना झाला, तेव्हा कर्णधार मैदानावर नव्हते. संघाचे इंग्रज व्यवस्थापक रॉसर यांच्याशी त्यांचे तीव्र मतभेद झाले आणि गटातील सामने संपताच ते संघ सोडून गेले. काही खेळाडू आजारी होते, स्वतः ध्यानचंदांना ताप होता. तरीही पिनिगर यांच्या नेतृत्वाखाली आपण ३-० असा विजय मिळविला. ऐन शेवटच्या सामन्यास कर्णधाराने अनुपस्थित राहावे हे कोणास रुचणार नाही. आम्हासही ते रुचत नाही. तथापि ज्याने त्या संघासाठी आपली उभी कारकीर्द पणास लावली होती, त्याने तो सहज म्हणून सोडला असेल, असे मानावयास आमचे मन धजत नाही.

संघ परत आला तेव्हा मुंबईच्या बंदरावर माणसांची रीघ लागली होती. तीन माणसांनी निरोप दिला त्यास हजारोंनी सामोरे जावे, हा दैवाचा विनोदच! त्या सोहळ्यात जयपालसिंग मात्र नव्हते. विलायतेत त्यांच्यापुढे कचेरीचा हुकूम होता: विनापरवाना गेल्याबद्दल उमेदवारीचे आणखी एक वर्ष काढावे. त्यांनी ते नाकारले आणि आय. सी. एस. वर पाणी सोडले.

त्यानंतर काही वर्षे त्यांनी कलकत्त्यास तेल कंपनीत नोकरी केली, आफ्रिकेत गोल्ड कोस्टमधील अचिमोटा कॉलेजात अध्यापन केले आणि रायपूरच्या राजकुमार कॉलेजातही काम केले. १९३९ च्या सुमारास ते आपल्या मुलखात परतले आणि आदिवासी महासभेचे अध्यक्ष झाले. आता पिछाडी सांभाळावयाची होती ती आपल्या लोकांची. १९४६ साली घटना समितीत ते निवडून गेले. तेथे जंगलातला माणूस म्हणून स्वतःची ओळख करून देण्यात त्यांना संकोच वाटला नाही; उलट तो त्यांनी अभिमानाचा विषय केला. आपल्या लोकांना वनजाती न म्हणता आदिवासी म्हणावे, असा त्यांचा आग्रह होता. कारण वनजाती म्हटले की ते केवळ रानातले ठरतात, आदिवासी म्हटले की या भूमीचे पहिले रहिवासी ठरतात. शब्दाचा हा भेद घटनेत मान्य झाला नाही. पण आज आपल्या ठाणे जिल्ह्यातही कोणता शब्द लोकांच्या तोंडी आहे हे वाचकांस सांगावयास नको.

झारखंडचे वेगळे राज्य व्हावे म्हणून त्यांनी पक्ष काढला. १९५२ च्या निवडणुकीत बिहार विधानसभेत तो काँग्रेसच्या खालोखाल बळकट ठरला. पण १९५५ साली राज्य पुनर्रचना आयोगाने ती मागणी फेटाळली, आणि १९६३ साली जयपालसिंगांनी आपला पक्ष काँग्रेसमध्ये विलीन केला. हा निर्णय त्यांच्या पुष्कळ अनुयायांस पटला नाही. लोकसभेत मात्र ते १९५२ पासून अखेरपर्यंत निवडून येत राहिले. २० मार्च १९७० रोजी दिल्ली येथे त्यांचे निधन झाले. झारखंड राज्य अस्तित्वात आले ते १५ नोव्हेंबर २००० रोजी. रांचीत त्यांच्या नावाचे एक क्रीडांगण आहे.