रँग्लर परांजपे : जाण्यापूर्वी दिलेला शब्द

मुलांना परदेशी शिक्षणास धाडताना आज जुन्नर-आंबेगावातील पालक प्रथम प्रवेश, व्हिसा आणि कर्ज यांची तजवीज करतात. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांची तयारी निराळी होती.

१८७६ साली दापोली तालुक्यातील मुर्डी येथे जन्मलेल्या या बुद्धिमान मुलाच्या शिक्षणाची काळजी नातलग धोंडो केशव कर्वे यांनी वाहिली. फर्ग्युसनमधून बी.एस्सी. झाल्यावर सरकारी शिष्यवृत्ती मिळाली व १८९६ साली ते केंब्रिजला गेले. तत्पूर्वीच, परत येऊन डेक्कन एज्युकेशन सोसायटीची आजीव सेवा करण्याचा शब्द त्यांनी दिला होता. हातात काहीच नसताना दिलेला शब्द सोपा असतो. आम्हा व्यापाऱ्यांना ठाऊक आहे की खरी कसोटी हुंडीची मुदत भरते तेव्हा लागते.

ती १८९९ साली भरली म्हणावी. गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत ते सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. मोठ्या पगाराच्या जागा आता दूर नव्हत्या. तरीही ते पुण्यास परतले आणि १९०२ साली आजीव सदस्याच्या तुटपुंज्या वेतनावर फर्ग्युसनचे प्राचार्यपद स्वीकारले.