आगीचा श्वास ओळखणारा माणूस

आग विझवायची म्हणजे तिच्यावर भरपूर पाणी ओतायचे, असा सर्वसाधारण समज असतो. पण पाण्याइतकीच, किंबहुना काही वेळा पाण्याहून अधिक महत्त्वाची असते ती हवा. जळत्या इमारतीचे कोणते दार उघडावे, कोणते मिटून ठेवावे आणि ते केव्हा, यावर आत अडकलेल्यांचे आणि आत शिरणाऱ्या जवानांचे प्राण अवलंबून असतात. हे सूत्र शास्त्राच्या प्रयोगशाळा उभ्या राहण्याच्या कितीतरी आधी ज्याने अनुभवातून ओळखले आणि शिस्तीत बांधले, तो माणूस म्हणजे जेम्स ब्रेडवुड. आधुनिक अग्निशमन सेवेचा पाया घालण्याचा मान स्कॉटलंडच्या या सुपुत्राकडे जातो.

ब्रेडवुड यांचा जन्म १८०० साली एडिंबरो येथे झाला. वडील लाकडी सामान बनविणारे कारागीर होते. शालेय शिक्षणानंतर जेम्स यांनी बांधकामाचे आणि मोजणीचे शिक्षण घेतले. भिंत कशी उभी राहते, तुळई कोठे टेकते आणि जिना कोठून कोठे जातो, याचे हे ज्ञान त्यांना पुढे आयुष्यभर उपयोगी पडले. १८२४ साली एडिंबरोने नगराचे स्वतःचे अग्निशमन दल उभारले, तेव्हा त्याचे प्रमुखपद या चोवीस वर्षांच्या तरुणाकडे आले.

पद स्वीकारून काही आठवडे होतात न होतात तोच, नोव्हेंबर १८२४ मध्ये, एडिंबरोच्या जुन्या शहरात भीषण आग भडकली. ती काही दिवस धुमसत होती. उंचच उंच चाळवजा इमारती कोसळल्या, ट्रॉन चर्चचा मनोरा जळाला आणि शेकडो कुटुंबे बेघर झाली. दल नवे होते, त्यात नगराचे निरनिराळे अधिकारी घटनास्थळी परस्परविरोधी हुकूम सोडत होते. या आपत्तीतून मिळालेला पहिला धडा स्पष्ट होता : आगीच्या ठिकाणी हुकूम एकाचाच चालला पाहिजे. पुढे तो अधिकार ब्रेडवुड यांना मिळाला.

त्यांनी दलासाठी माणसे निवडली तीही विचारपूर्वक. छपरावर काम करणारे कारागीर, सुतार, गवंडी, नळ बसविणारे असे इमारतींची नस जाणणारे लोक त्यांनी गोळा केले. सराव भल्या पहाटे, अंधारात होई. रस्त्यावर उभे राहून खिडक्यांतून पाण्याचे फवारे मारण्याची तेव्हाची रीत त्यांनी मोडीत काढली. धुरात पाणी मारल्याने आग विझत नाही. जवानाने आत जाऊन, जळणारी वस्तू दिसेल इतक्या जवळून पाणी मारले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. धुराने भरलेल्या खोलीत श्वास घेण्याजोगी हवा जमिनीलगत असते, म्हणून गुडघ्यांवर, वेळप्रसंगी सरपटत पुढे जावे, हेही त्यांनी शिकविले.

आत जायचे, पण हवेला आत येऊ द्यायचे नाही, हा त्यांच्या पद्धतीचा गाभा. आगीला जितकी हवा मिळते तितक्याच प्रमाणात ती वाढते. म्हणून पाणी हाताशी येईपर्यंत दारे-खिडक्या मिटलेल्याच ठेवाव्यात, असे त्यांनी १८३० साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात सांगितले. अग्निशमनावरील इंग्रजीतील आद्य ग्रंथांत त्याची गणना होते.

या सूचनेमागील कारण आज आपल्याला नीट सांगता येते. बंद खोलीतील आग तेथील प्राणवायू संपवत आणते. ज्वाळा मंदावतात, पण खोली न जळालेल्या, तप्त वायूंनी भरलेली असते. अशा वेळी दार उघडले की खालून ताजी हवा आत घुसते, वरून धूर बाहेर पडतो आणि पाहता पाहता सारी खोली पेट घेते. कधी कधी स्फोटच होतो. धूर बाहेर काढणे आवश्यक असतेच. पण ते योग्य जागी, योग्य क्षणी आणि पाण्याचा मारा सज्ज असताना केले पाहिजे.

१ जानेवारी १८३३ रोजी लंडनमधील विमा कंपन्यांनी आपली वेगवेगळी दले एकत्र करून एकच संस्था स्थापन केली आणि तिचे नेतृत्व ब्रेडवुड यांच्याकडे सोपविले. त्या अफाट शहरासाठी त्यांच्या हाती होते अवघे ८० जवान! पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १८३४ मध्ये, ब्रिटिश पार्लमेंटची जुनी इमारत जळाली. ती वाचली नाही. मात्र शेजारचे प्राचीन वेस्टमिन्स्टर हॉल वाचविण्यात यश आले. लंडनमध्ये त्यांनी खलाशांना पसंती दिली. उंचावर चढण्याची, रात्री-अपरात्री उठण्याची आणि हुकूम पाळण्याची सवय त्यांना आधीच असे.

या व्यवस्थेला मर्यादाही होत्या. पैसा विमा कंपन्यांचा, त्यामुळे मुख्य काळजी मालमत्तेची. जीव वाचविण्याच्या शिड्या एक वेगळी धर्मादाय संस्था सांभाळीत असे. ब्रेडवुड स्वतःही नव्याबाबत सावध होते. वाफेवर चालणारे बंब त्यांनी बराच काळ दूर ठेवले. परंतु नदीकाठच्या प्रचंड गोदामांविषयी त्यांनी दिलेले इशारे अचूक होते. एवढ्या मोठ्या, अखंड जागेत आग लागली तर ती कोणालाच आवरणार नाही. भिंती आणि लोखंडी दारे घालून तिचे भाग पाडले पाहिजेत, असे ते सांगत राहिले.

२२ जून १८६१ रोजी टूली स्ट्रीटवरील गोदामांत आग लागली. ताग, कापूस, साखर, चरबी, सोरा असा माल तेथे खच्चून भरलेला होता. आग अडविण्यासाठी बसविलेली लोखंडी दारे उघडीच राहिली होती. ज्या हवेला अडवा म्हणून ब्रेडवुड यांनी तीन दशके सांगितले, तिला वाट मोकळी मिळाली. संध्याकाळी थकलेल्या जवानांची विचारपूस करीत ते फिरत असता एक भिंत कोसळली आणि तिच्याखाली त्यांचा अंत झाला. देह बाहेर काढायला दोन दिवस लागले. आग सुमारे पंधरवडाभर धुमसत होती. त्यांच्या अंत्ययात्रेला सारे लंडन लोटले.

या हानीने विमा कंपन्या हादरल्या आणि हा भार आपल्याला पेलणार नाही, असे त्यांनी सरकारला कळविले. त्यातून १८६५ चा कायदा झाला आणि १८६६ पासून लंडनचे अग्निशमन दल सार्वजनिक सेवा बनले.

२०१२ साली न्यूयॉर्कच्या गव्हर्नर्स आयलंडवर शास्त्रज्ञांनी आणि तेथील अग्निशमन दलाने रिकाम्या घरांना मुद्दाम आगी लावून मोजमापे घेतली. आजच्या घरांतील कृत्रिम धाग्यांचे व फोमचे सामान झपाट्याने हवा संपविते. त्यामुळे नुसते पुढचे दार उघडणे म्हणजेसुद्धा आगीला हवा देणे होय, हेच त्यातून अधोरेखित झाले. २००८ साली एडिंबरोत ब्रेडवुड यांचा पुतळा उभा राहिला. पण त्यांचे खरे स्मारक एका साध्या सवयीत आहे : आग लागलेल्या खोलीतून बाहेर पडताना मागचे दार ओढून घेणे. ती ज्याला लागली, तो स्वतःबरोबर आणखी कोणाचा तरी जीव वाचवू शकतो.